पडण्याआधी शिकायची गोष्ट

माझी आई पडली तेव्हा ७८ वर्षांची होती. जिन्यावरून नाही, रस्त्यावरही नाही. स्वयंपाकघरातून देवघराकडे वळताना पडली. हातात निरांजन होतं. ते विझू नये म्हणून तिचं सगळं लक्ष ज्योतीकडे, आणि पाय पडला तो सरकत्या पायपुसण्यावर. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया छान झाली. काही आठवड्यांनी एक्स-रे बघून अस्थिरोगतज्ज्ञ सहकारी समाधानानं म्हणाला, ‘‘हाड मस्त जुळलंय.’’ हाड जुळलं होतं, पण आईनं पडण्याचा जो धसका घेतला तो काही गेला नाही. वॉकर सोडायला ती तयार होईना. आधी अंगण सुटलं, मग ओसरी, मग खोलीचा उंबरठा. वर्ष पुरं व्हायच्या आत न्यूमोनियाचं निमित्त होऊन ती गेली.

मी मेडिसिनची डॉक्टर. आईचा बीपी, साखर, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, सगळ्याचा हिशेब माझ्याकडे असायचा. दर तीन महिन्यांनी तिचं रक्त तपासून घ्यायचे. पण इतक्या वर्षांत ‘‘आई, टेबलाला धरून जरा एका पायावर उभी राहून दाखव,’’ असं मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत दिवसाला शंभरावर रुग्ण तपासताना इतर वृद्धांनाही कधी म्हटलं नव्हतं. आमच्या शिक्षणात पडणं हा अपघात होता; अपघात झाला की अस्थिरोग विभागात पाठवायचं, एवढंच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अनवधानानं होणाऱ्या दुखापतींमुळे जे मृत्यू होतात, त्यांत रस्ते अपघातांनंतर पडण्याचा क्रमांक दुसरा. यातले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू आपल्यासारख्या अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. तोल जाणं हा वयाचा अटळ भाग आहे, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तोल हे एक कौशल्य आहे. ते गंजतं आणि घासून पुन्हा बऱ्यापैकी लखलखीतही करता येतं. हे मला पुस्तकानं शिकवलं नाही, शिकवलं ते सिंगापूरच्या एका बागेतल्या म्हाताऱ्या बाईंनी.

बागेतला पहिला धडा

आईच्या जाण्यानंतर साठलेली रजा घेऊन मी सिंगापूरला धाकट्या बहिणीकडे गेले होते. तिच्या इमारतीजवळच्या बागेत पहाटे वीस-पंचवीस चिनी वंशाचे आजी-आजोबा जमायचे आणि संथपणे हातपाय हलवायचे. बघताना वाटायचं, हा कसला व्यायाम? ना घाम, ना धाप. तिसऱ्या दिवशी त्यांच्या शिक्षिकेनं मला हातानंच खूण करून रांगेत उभं केलं. सगळे त्यांना ‘लाओशी’ म्हणत. चिनी भाषेत लाओशी म्हणजे शिक्षक. त्यांचं वय ऐंशीच्या आसपास असावं. इंग्रजी जेमतेम.

पहिले आठ-दहा दिवस त्यांनी मला फक्त उभं राहायला शिकवलं. पाय खांद्यांएवढ्या अंतरावर, गुडघे किंचित सैल, पाठ सरळ, खांदे सोडलेले. मग सगळा भार हळूहळू उजव्या पायावर न्यायचा, इतका की डावा पाय ‘रिकामा’ होईल. मग परत डाव्यावर. त्यांचे दोनच इंग्रजी शब्द होते : ‘फुल’ आणि ‘एम्प्टी’. भरलेला आणि रिकामा. मी पन्नाशी ओलांडलेली, रोज राउंडवर मैलभर चालणारी बाई. पण डावा पाय पुरता रिकामा करताना माझा उजवा घोटा थरथरायला लागला. त्या थरथरीनं मला जे सांगितलं, ते आईच्या कुठल्याही रिपोर्टनं सांगितलं नव्हतं.

हे आहे तरी काय?

ताई ची आणि छीगाँग ही दोन नावं आपल्याकडे एका दमात घेतली जातात, आणि एक गोंधळ हमखास होतो. ‘ताई ची’मधला ‘ची’ आणि ‘छीगाँग’मधला ‘छी’ हे चिनी भाषेत वेगळे शब्द आहेत. ‘ताई ची’ म्हणजे ‘परम टोक’, एक जुनी तत्त्वज्ञानातली कल्पना; पूर्ण नाव ‘ताई ची छुआन’, त्यातल्या ‘छुआन’चा अर्थ मूठ. म्हणजे मुळात ही युद्धकला. ‘छी’ म्हणजे श्वास, वारा, चैतन्य. आपल्या ‘प्राण’ शब्दाच्या जवळ जाणारी कल्पना. ‘गाँग’ म्हणजे सरावानं कमावलेलं कसब.

ताई चीचा इतिहास हनान प्रांतातल्या चेन कुटुंबाच्या गावाशी जोडला जातो. सतराव्या शतकातला सैनिक चेन वांगतिंग याच्याकडे तिचं श्रेय देतात. एकोणिसाव्या शतकात यांग लुचान (१७९९-१८७२) हा बाहेरचा माणूस चेन कुटुंबाकडून ती शिकला आणि त्यानं ती बीजिंगमध्ये नेली. त्याचा नातू यांग छंगफू यानं उड्या आणि झटके वगळून ती संथ, एकसारख्या गतीची केली. आज जगभरच्या बागांत दिसते ती बहुतांशी हीच शैली. १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगानं लोकांना शिकायला सोपं जावं म्हणून २४ हालचालींचा आटोपशीर क्रम तयार केला. २०२० मध्ये युनेस्कोनं ताई चीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

छीगाँगची मुळं त्याहून जुनी. चीनमधल्या चांगशा शहराजवळ मावांगदुई इथं १९७०च्या दशकात एक थडगं उकरलं गेलं. इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेल्या त्या थडग्यात रेशमावर काढलेला व्यायामाचा तक्ता सापडला. वाकणाऱ्या, ताणणाऱ्या, हात वर नेणाऱ्या ४४ माणसांची चित्रं त्यावर आहेत. त्यांत बायका आहेत, पुरुष आहेत, तरुण आणि म्हातारेही आहेत. पुढं वैद्य हुआ तुओच्या नावानं ओळखले जाणारे वाघ, हरीण, अस्वल, वानर आणि पक्षी यांच्या हालचालींचे ‘पाच प्राण्यांचे खेळ’ आले. ‘बादुआनजिन’, म्हणजे ‘किनखापाचे आठ तुकडे’, हा आठ हालचालींचा संच आला. तो शिकायला सोपा आणि आज सगळ्यांत लोकप्रिय.

आपल्याकडे हा विषय निघाला की कोणीतरी हटकून म्हणतं, ‘‘हे सगळं बोधिधर्मानं इथूनच नेलं.’’ ‘यीजिनजिंग’ नावाचा एक ग्रंथ बोधिधर्माच्या नावावर आहे हे खरं. पण इतिहासकारांच्या मते तो ग्रंथ सतराव्या शतकातला, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारएक वर्षांनी लिहिलेला आहे. श्वास आणि हालचाल यांची सांगड माणसानं एकाहून अधिक ठिकाणी घातली, असं मानायला काय हरकत आहे?

पुरावा काय सांगतो?

डॉक्टर म्हणून माझा पहिला प्रश्न हाच होता. अमेरिकेत अटलांटा इथं १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सत्तरी ओलांडलेले २०० जण होते. १५ आठवडे ताई ची केलेल्या गटात वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी घटला. २०१८ मध्ये आणखी मोठा अभ्यास आला. यात सत्तरीपुढचे, पडण्याचा धोका असलेले ६७० जण होते. आठवड्यातून दोनदा, एकेक तास, २४ आठवडे. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ताई ची गटात पडण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी होतं. आणि तोल, ताकद, चालणं असे मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही ३१ टक्क्यांनी कमी.

पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरचा अभ्यास २०१२ साली आला. तोल सांभाळण्याच्या मोजमापांत ताई ची गट सर्वांत पुढं होता. पडण्याच्या बाबतीत ताणाच्या व्यायामांपेक्षा तो सरस ठरला, मात्र वजनं वापरून केलेल्या व्यायामापेक्षा स्पष्टपणे सरस ठरला नाही. गुडघ्याच्या झिजेच्या २०४ रुग्णांवर २०१६ साली झालेल्या अभ्यासात १२ आठवड्यांनी ताई चीनं दुखणं जितकं कमी केलं, तितकंच नेहमीच्या फिजिओथेरपीनंही केलं. उदासी मात्र ताई ची गटात अधिक कमी झाली. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेसाठी ताई चीची ठाम शिफारस केली. बीजिंगमध्ये ३४२ जणांवर झालेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा बीपी किंचित वाढलेला, पण औषध लागावं इतका नव्हे. वर्षभरानंतर वरचा बीपी ताई ची गटात सरासरी ७ अंकांनी उतरला. एरोबिक व्यायामाच्या गटात साडेचारच्या आसपास.

आता नाण्याची दुसरी बाजू. २००३ साली अटलांटाच्याच संशोधकांनी अधिक अशक्त वृद्धांना ४८ आठवडे ताई ची शिकवली. पडणं थोडं घटलं, पण योगायोग नाकारता येईल इतकं नाही. शिवाय या सगळ्याच अभ्यासांत एक अडचण आहे. गोळीच्या अभ्यासात रुग्णाला खरी गोळी दिली की खोटी, हे लपवता येतं. ताई ची करणाऱ्याला आपण ताई ची करतोय हे कळतंच. उत्साहाचा, सोबतीचा, शिक्षकावरच्या विश्वासाचा वाटा निकालात मिसळतो. २०१९ साली कॉक्रेन संस्थेनं १०८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. व्यायामानं एकूण पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं, असा भक्कम निष्कर्ष निघाला. ताई चीबद्दल आकडा १९ टक्क्यांच्या आसपास, आणि भाषा ‘घटू शकतं’ अशी सावध. म्हणून मी रुग्णांना सांगते, ही जादू नाही. हा चांगला व्यायाम आहे, आणि अशक्तपणा अंगात मुरण्याआधी सुरू केला तर अधिक चांगला.

संथपणाचं शरीरशास्त्र

तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून बातम्या लागतात : डोळे, अंतर्कर्ण आणि पायांचे तळवे-घोटे. वयाबरोबर तिन्ही मंद होतात. मधुमेहात तळव्यांची बातमी आणखी क्षीण होते, मोतीबिंदूत डोळ्यांची. मग माणूस नकळत जमिनीकडे बघत, पाय घासत, तुटक पावलं टाकत चालू लागतो. पाऊल घासलं की पायपुसणं सरकतं.

चालताना प्रत्येक पावलागणिक शरीराचा सगळा भार काही क्षण एकाच पायावर असतो. रोजच्या चालण्यात ते क्षण इतके लवकर निघून जातात, की कच्चेपणा लक्षातच येत नाही. ताई चीत हेच क्षण लांबवले जातात. अर्ध्या सेकंदाचं पाऊल सहा-सात सेकंद चालतं. मांडीचे स्नायू, नितंबाच्या बाजूचे स्नायू, घोट्याभोवतीचे बारके स्नायू यांना तेवढा वेळ काम करावं लागतं. मागं पाऊल टाकणं, तिरकं वळणं, वळताना मान फिरवणं, या घरात नेमकं पाडणाऱ्या हालचालींचा सराव होतो. त्यात पुढची हालचाल आठवायची असते, म्हणजे डोकंही कामाला लागतं. आईचं पाऊल चुकलं ते लक्ष दोन ठिकाणी विभागल्यामुळे. चालताना दुसऱ्या कामात लक्ष ठेवता येणं, हेही सरावानं सुधारतं.

आणि भीती? पडण्याची भीती बसलेला माणूस अंग आखडून घेतो, श्वास रोखतो आणि त्यामुळेच जास्त पडतो. संथ हालचाल आणि सुटलेला श्वास ही आखडलेली गाठ सैल करतात. आईला हाडाच्या डॉक्टरपेक्षा याची गरज जास्त होती, असं आता वाटतं.

जिथं मी थांबते

छीगाँगच्या नावावर बरंच काही विकलं जातं. चीनमध्ये १९५०च्या दशकात लिऊ गुइझेन यांनी ते आरोग्यकेंद्रांत आणलं. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यावर गदा आली. १९८०च्या दशकात त्याची लाट उसळली, आणि लाटेबरोबर हातातून ‘ऊर्जा’ सोडून कर्करोग बरा करणारे बाबाही आले. अतिरेकी ध्यान आणि श्वासाच्या सरावातून काही लोकांना भास होऊ लागले. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या १९९४च्या वर्गीकरणात याची वेगळी नोंद आहे. ‘छी’ ही कुठल्याही यंत्रावर मोजता आलेली वस्तू नाही. सराव करताना तळहात उबदार होतात, मुंग्या आल्यासारखं वाटतं, हे मीही अनुभवलं आहे. स्नायू सैल झाल्यावर रक्तप्रवाह वाढतो, एवढं स्पष्टीकरण मला पुरतं. कोणाला त्याला छी म्हणायचं असेल तर माझं भांडण नाही. भांडण आहे ते ‘गोळ्या बंद करा’ म्हणणाऱ्यांशी.

शिकवताना झालेल्या चुका

परत आल्यावर मी एका अनुभवी प्रशिक्षकाकडे दोन वर्षं शिकले. सुरुवातीला गुडघाही दुखवून घेतला, कारण व्हिडिओतल्या तरुणासारखं खाली बसायचा हट्ट. लाओशी कधीच खाली बसल्या नव्हत्या, हे नंतर आठवलं. मग ठरवलं, ओपीडीतल्या काही ज्येष्ठांना हे शिकवायचं. रुग्णालयाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आठवड्यातून दोन दिवस, ओपीडी सुटल्यावर. अकराजण आले.

पहिल्या महिन्यात मी वाईट शिक्षिका होते. एका तासात सहा हालचाली शिकवल्या. पुढच्या वेळी कोणाला एकही आठवेना. वर मी स्नायूंची नावं सांगत सुटले. ‘‘मॅडम, तुम्ही बोलायला लागलात की माझे पाय थांबतात,’’ असं एका मावशींनी स्पष्टच सांगितलं. 

मोठी चूक श्वासाची. ‘श्वास घ्या... सोडा’ असं मी माझ्या गतीनं सांगत होते. गटात दम्याचा जुना त्रास असलेले एक आजोबा होते. मॅडमनी सांगितलं म्हणून ते माझ्या तालावर श्वास ओढत राहिले. दहा मिनिटांत त्यांना घेरी आली. खुर्ची जवळ होती म्हणून निभावलं. ज्यांची स्पायरोमेट्री मीच पाहिली होती, त्यांचा श्वास मी माझ्या घड्याळावर चालवत होते. त्या दिवसापासून मी श्वास मोजणं सोडलं. ‘‘तोंड मिटून, आपापल्या चालीनं, धाप लागली तर हात खाली,’’ एवढंच म्हणते.

हळूहळू शिकवायला शिकले. एका दिवशी दोन हालचाली, फार तर तीन. आधी मी करून दाखवायची, त्यांनी नुसतं बघायचं. मग माझ्याबरोबर करायची. मग त्यांनी करून दाखवायची आणि मी गप्प राहायचं. समोर तोंड करून उभी राहिले तर आरशासारखं उलटं करायचं : तोंडानं ‘उजवा’, पण पाय माझा डावा. गट वळला की मागची रांग पुढं येते आणि तिच्यासमोर बघायला कोणीच उरत नाही. म्हणून चारही कोपऱ्यांत सरावलेली माणसं उभी करायची. अंगाला हात लावून दुरुस्त करायचं असेल तर आधी विचारायचं. सहावारी नेसलेल्या बायकांचं पाऊल लहान पडतं, ते लहानच राहू द्यायचं. आणि प्रत्येकाच्या हाताशी, डुगडुगणार नाही अशी एक खुर्ची.

उत्तम शब्द मात्र मला एका विद्यार्थ्यानं दिला. हे काका निवृत्त एसटी चालक, वय ७२, पार्किन्सनची चार वर्षं. ‘भार सरकवा’ हे त्यांना उमगत नव्हतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. एके दिवशी ते स्वतःच म्हणाले, ‘‘मॅडम, म्हणजे क्लच सोडल्यासारखं. एकदम सोडला तर गाडी धक्का खाते.’’ आणि त्यांनी इतक्या सफाईनं वजन डाव्या पायावर नेलं, की सगळी शेड बघत राहिली. त्यानंतर आमच्या गटात ‘भरलेला-रिकामा’ मागं पडलं. ‘‘क्लच हळू,’’ एवढं म्हटलं की अकराजण एकदम सावकाश होतात.

काकांचा पार्किन्सन थांबला नाही. गोळ्यांचा डोस वाढला. वर्षभरात ते दोनदा पडलेही, एकदा न्हाणीघरात. ताई चीनं त्यांना बरं केलं असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्यांदा पडल्यावर तिसऱ्या दिवशी ते शेडमध्ये हजर होते. ‘‘बसून करतो आज,’’ म्हणाले. आणि ‘पाय थांबतात’ म्हणणाऱ्या त्या मावशी? मनगट मोडल्यापासून सात महिने त्या सुनेचा हात धरल्याशिवाय रस्त्यावर आल्या नव्हत्या. आता त्या डाव्या कोपऱ्यात उभ्या राहतात, नव्यांनी त्यांच्याकडे बघून करायचं असतं. परवा उशिरा आल्या, हातात मेथीची जुडी. ‘‘मंडईतून आले. एकटीच.’’ अकरा माणसांचा अनुभव म्हणजे संशोधन नव्हे, हे मला माहीत आहे. पण त्या मेथीच्या जुडीकडे मी जरा जास्तच वेळ बघत राहिले.

सुरुवात करायची असेल तर

गेल्या सहा महिन्यांत पडला असाल, वारंवार चक्कर येत असेल, हाडं फार ठिसूळ असतील, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा बीपी आटोक्यात नसेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. बाकीच्यांनी भिंतीजवळ, भक्कम खुर्चीच्या पाठीला हात ठेवून, कोरड्या फरशीवर पुढच्या तीन गोष्टींनी सुरुवात करावी.

पहिली, भार सरकवणं. पाय खांद्यांएवढ्या अंतरावर. भार सावकाश उजव्या पायावर न्या, डावी टाच आपसूक हलकी होईपर्यंत. दोन श्वास थांबा. मग दुसरी बाजू. असं पाच-सहा वेळा.

दुसरी, ‘दोन्ही हातांनी आकाश पेलणं’. ही बादुआनजिनमधली पहिली हालचाल. बोटं गुंफून हात छातीपर्यंत आणा, तळवे फिरवून वर न्या, मग बाजूंनी खाली सोडा. खांदा दुखत असेल तर डोक्यापर्यंतच. बसूनही करता येते.

तिसरी, मांजराचं पाऊल. एका हातानं ओट्याचा आधार घेऊन टाच पुढं टेकवा, पण भार देऊ नका. पाऊल पक्कं टेकलं याची खात्री झाली की मगच भार न्या. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फेऱ्या.

रोज दहा मिनिटं पुरेत. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच राहू द्या, बोटांच्या पुढं नेऊ नका, आणि भार असलेला पाय जागेवर पिळू नका. गुडघेदुखीचं ते हमखास कारण. मधुमेहानं तळवे बधिर झाले असतील तर अनवाणी न करता नीट बसणारे बूट घाला. बादुआनजिनच्या शेवटी टाचा उचलून सोडायची हालचाल असते. ठिसूळ हाडांच्या मंडळींनी टाच आपटू नये, अलगद टेकवावी.

शिक्षक निवडताना चार गोष्टी पाहा. तुमचे आजार तो विचारतो का? बसून करायची मुभा देतो का? दुखलं तर थांबा म्हणतो का? रोग बरा करण्याची हमी देत असेल तर तिथूनच परत फिरा. आणि ताई चीमुळे चालणं सुटू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हवाच; ६५ वर्षांपुढच्यांनी त्याच्या जोडीला आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत. गावात ताई चीचा शिक्षक नसेल तर अडून बसू नका. भिंतीला धरून वृक्षासन, एका रेषेत टाचेला बोटं लावत चालणं, फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले तोलाचे व्यायाम हेही त्याच वाटेनं जातात. पायांना रोज थोडा वेळ सावकाश काम मिळालं पाहिजे, हे महत्त्वाचं.

घरातलं ते पायपुसणं मी काढून टाकलं आहे. स्वयंपाकघर आणि देवघर यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या जागेत सकाळी पंधरा मिनिटं माझा सराव चालतो. आणि ओपीडीत साठीपुढचं कोणीही आलं, की बीपीचा पट्टा सोडल्यावर मी टेबल थोडं पुढं सरकवते. ‘‘आजी, याला धरा आणि जरा एक पाय उचलून दाखवा बघू.’’ बाहेर रांग कितीही लांब असो, तेवढा अर्धा मिनिट निघतो. तो आधीही निघाला असता.